धातुशोधक घेण्याआधी जमीन ओळखा

१८८१ च्या जुलै महिन्यात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळी झाडण्यात आली. गोळी शरीरात नेमकी कुठे रुतली आहे, हे डॉक्टरांना कळेना. तेव्हा टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी विजेच्या गुंडाळ्यांचे एक धातुशोधक यंत्र बनवून आणले. यंत्र उत्तम होते. पण रुग्णाच्या गादीत पोलादी तारा होत्या आणि डॉक्टरांनी तपासू दिली ती फक्त उजवी बाजू. गोळी होती डावीकडे. ती सापडली नाही आणि सप्टेंबरमध्ये गारफील्ड यांचे निधन झाले.

यंत्र कितीही चांगले असले, तरी ते कुठे चालवायचे याचा विचार आधी करावा लागतो. जुनी नाणी व दागिने शोधण्याचा छंद ब्रिटनमध्ये हजारो लोक जोपासतात. त्यांच्यातील जाणकार नवख्याला पहिला प्रश्न विचारतात तो यंत्राच्या किमतीचा नव्हे, तर जमिनीचा.

यंत्र काम कसे करते?

दांड्याच्या टोकाला असलेल्या थाळीत तारेची गुंडाळी असते. तिच्यातून उलटसुलट वाहणारी वीज सोडली की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. खाली धातू असेल तर त्यात क्षीण वीजप्रवाह निर्माण होतो, यंत्र तो टिपते आणि कानात आवाज येतो. साधे यंत्र नाण्याएवढी वस्तू साधारण वीतभर खोलीपर्यंत ओळखते. मात्र मातीतील लोहखनिज आणि समुद्राचे खारे पाणीही यंत्राला फसवू शकतात. म्हणूनच प्रत्येक ठिकाणी यंत्र वेगळे जुळवावे लागते.

नांगरलेले शेत

शेतात खिळे, नाला, अवजारांचे तुकडे असा लोखंडी कचरा फार असतो. अशा ठिकाणी लहान थाळी बरी. मोठी थाळी खोलवर जाते. पण एकाच वेळी चार वस्तू तिच्याखाली आल्या तर खिळ्याच्या आवाजात नाण्याचा आवाज बुडतो. लोखंड गाळण्याची सोय यंत्रात असते, ती बेताने वापरावी. ही चाळणी फार घट्ट केली तर चॉकलेटच्या चांदीबरोबर आणि डब्याच्या कडीबरोबर सोन्याची अंगठीही गाळली जाते, कारण यंत्राला या वस्तू जवळजवळ सारख्याच भासतात. थाळी जमिनीलगत, सावकाश फिरवावी. २००९ साली स्टॅफर्डशायर परगण्यातील एका शेतात टेरी हर्बर्ट यांना अँग्लो-सॅक्सन काळातील सोन्याचांदीचा प्रचंड ठेवा सापडला, तो जुन्या, वापरलेल्या यंत्रानेच.

समुद्रकिनारा

कोरड्या वाळूत साधे यंत्रही चालते. ओल्या वाळूत मात्र ते विनाकारण किरकिरू लागते, कारण खारे पाणी वीजवाहक असते. अशा वेळी संवेदनशीलता थोडी कमी करावी. किनाऱ्यावर नेहमी जाणाऱ्याने एकाच वेळी अनेक कंपनसंख्यांवर चालणारे किंवा ‘पल्स’ पद्धतीचे यंत्र घ्यावे. पल्स यंत्र विजेचा छोटा झटका सोडते आणि क्षणभर थांबून मगच कानोसा घेते. तोवर पाण्याचा परिणाम ओसरलेला असतो. त्याची उणीव एवढीच की, त्याला लोखंड व सोने यांतला फरक नीट कळत नाही. खिळेही उकरण्याची तयारी ठेवावी लागते.

सोन्याची माती

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांताची तांबडी जमीन लोहखनिजाने भरलेली आहे. तेथे ‘ग्राउंड बॅलन्स’ हीच खरी किल्ली. थाळी जमिनीजवळ वर-खाली करीत, मातीचा आवाज एकसारखा होईपर्यंत खुंटी फिरवायची. थोडे अंतर चालले की माती बदलते, मग पुन्हा तेच. बारीक कणांसाठी अधिक कंपनसंख्येचे यंत्र लागते, तर मोठी चांदीची नाणी कमी कंपनसंख्येच्या यंत्राला चांगली सापडतात. १९८० मध्ये याच प्रांतात किंगोवरजवळ सुमारे २७ किलो वजनाचा सोन्याचा गोळा धातुशोधकानेच सापडला.

आवाज आल्यानंतर

सर्वांत मोठी कसोटी लागते ती आवाज आल्यावर. नोव्हेंबर १९९२ मध्ये इंग्लंडमधील सफोक परगण्यातील हॉक्सन गावी एरिक लॉज हे एका शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधत होते. त्यांना नाणी व चांदीचे चमचे लागले. पण अधाशीपणे सगळे उपसून न काढता त्यांनी खोदणे थांबवले आणि पुरातत्त्वज्ञांना बोलावले. त्यामुळे जवळपास १५ हजार रोमन नाणी आणि दागिने पेटीत कसे रचून ठेवले होते, हेही समजू शकले. हातोडाही सापडला. तो आज ठेव्यासह ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. वस्तू एकदा उपटून काढली की तिच्या भोवतालची माती पुन्हा कधीच काही सांगू शकत नाही.

इंग्लंड व वेल्समध्ये शेतमालकाची परवानगी लागते, संरक्षित स्थळी परवान्याशिवाय यंत्र नेता येत नाही आणि १९९६ च्या कायद्यानुसार असा ठेवा सापडल्यास १४ दिवसांत कळवावे लागते. आपल्याकडेही १८७८ चा निखात निधी कायदा आहे. जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. संरक्षित किल्ले, लेणी व प्राचीन स्थळी परवानगीवाचून खोदणे हा तर गुन्हाच.

म्हणून धातुशोधक घेण्याचा विचार असेल, तर दुकानात जाण्यापूर्वी तीन गोष्टी ठरवाव्यात : जमीन कोणती, ती कोणाची आणि काही सापडलेच तर कळवायचे कोणाला. या तिन्हींची उत्तरे मिळाली की यंत्र निवडणे फारसे अवघड राहत नाही.