एवढं काय झालं त्यात?

गेल्या महिन्यात भिशीची पाळी माझ्याकडे होती. साबुदाण्याची खिचडी झाली, चिठ्ठी काढून झाली, आणि नेहमीप्रमाणे गप्पांची गाडी साड्यांच्या सेलवर येणार एवढ्यात एकीच्या लेकीने टीव्हीवर एक मल्याळी सिनेमा लावून दिला. ‘बघाच तुम्ही,’ म्हणाली आणि निघून गेली. भाषा कुणालाच कळत नव्हती. खाली इंग्रजी अक्षरे येत होती, ती वाचायला चष्मे शोधावे लागत होते. पण खरे सांगू? दहा मिनिटांनी आम्ही अक्षरे वाचायचे सोडूनच दिले. नारळ खवणल्याचा, फोडणी तडतडल्याचा, भांडी घासल्याचा आवाज कळायला कसली आलीये भाषा!

सिनेमाचे नाव ‘द ग्रेट इंडियन किचन’. दिग्दर्शक जिओ बेबी. कमी खर्चात काढलेला सिनेमा. मोठ्या कंपन्यांनी आधी तो नाकारला, म्हणून १५ जानेवारी २०२१ रोजी ‘नीस्ट्रीम’ या मल्याळी सिनेमांच्या एका लहानशा व्यासपीठावर तो लोकांपुढे आला. पुढे त्याच सिनेमाला केरळ सरकारचा २०२० सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार मिळाला. पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. पात्रांना नावेसुद्धा नाहीत. ती सून, तो नवरा, ते सासरे, ती सासू. बस्स.

गोष्ट म्हणाल तर चार ओळींची. नाच शिकलेली एक मुलगी लग्न होऊन चांगल्या खानदानी घरात येते. निमिषा सजयनने हे काम केले आहे, आणि नवऱ्याचे सुरज वेंजारामूडू यांनी. नवरा शाळेत समाजशास्त्र शिकवतो. सासरे शांत, गोड बोलणारे. आवाज म्हणून चढवत नाहीत. फक्त त्यांना भात कुकरचा चालत नाही, चुलीवरचा लागतो. चटणी मिक्सरची चालत नाही, पाट्यावरची लागते. आपले कपडे मशीनला लावू नयेत, असे त्यांचे म्हणणे. सकाळी दात घासायचा ब्रशदेखील त्यांच्या हातात नेऊन द्यावा लागतो. जेवताना शेंगा चोखून चोथा टेबलावर टाकायचा, आणि बायकांनी मागाहून त्याच टेबलावर तो चोथा सारून बसायचे. सिंकखालचा नळ गळत असतो. सून नवऱ्याला सांगते, ‘प्लंबरला बोलवा.’ तो म्हणतो, ‘विसरलो.’ पुन्हा सांगते. पुन्हा विसरतो. खाली लावलेली बादली भरते, ती रिकामी करते. पाळीचे दिवस आले की तिने बाजूला बसायचे. नोकरीचा अर्ज करायचा म्हटले तर, ‘आत्ता नको, बघू पुढे.’ शेवटी एक दिवस ती चहाऐवजी त्या सिंकखालचे पाणी कपात भरून देते, जाब विचारायला दोघे आत आले की बादली त्यांच्या अंगावर ओतते आणि चालू लागते.

सिनेमा संपला आणि आमच्या खोलीत मिनिटभर कुणी बोलेना. मग एकदम सगळ्याच बोलू लागल्या.

एक म्हणाली, ‘एवढं काय झालं त्यात? मारत नव्हता, पीत नव्हता, बाहेरख्याली नव्हता. माणसं सोन्यासारखी. कामं काय, आपण नाही का केली?’

दुसरी म्हणाली, ‘तेच तर! मारलं असतं तर माहेरी सांगता तरी आलं असतं. पाटा-वरवंट्याचं गाऱ्हाणं कुणापुढे मांडायचं?’

तिसरी हिशेबी. ती म्हणाली, ‘अगं, पण प्लंबरला हिनेच का नाही फोन केला? आपण करतोच ना?’ बरोबरच आहे. पण मला वाटते, प्रश्न नळाचा नव्हताच. घरातली बाकीची पन्नास कामे तिची. हे एक काम नवऱ्याकडे सोपवले, तेही तिने आठ वेळा सांगावे आणि त्याने आठ वेळा विसरावे! पाणी नळातून गळत होते, पण वाहून जात होता तो तिचा शब्द.

आमच्यातल्या सर्वांत वडील काकू कोपऱ्यात बसल्या होत्या. पंच्याहत्तरी उलटलेल्या. त्या इतका वेळ गप्प होत्या. मग हळूच म्हणाल्या, ‘ती पोर गेली, बरं झालं. पण त्या सासूचं पुढे काय झालं गं?’

यावर कुणाकडेच उत्तर नव्हते. मैत्रिणींनो, त्या सासूबाई मध्येच लेकीच्या बाळंतपणासाठी परगावी जातात, आणि मग घराचा सगळा भार एकट्या सुनेवर पडतो. सासरे एकदा सहज सांगतात, हिची सासूही खूप शिकलेली, पण घरी राहिली, म्हणून मुलांचे भले झाले. बाई वाईट नाहीत हो! सुनेला छळणे नाही, टोमणे नाहीत. उलट फोनवरून तिला हळूच सांगतात, तू नोकरीचा अर्ज कर. पण वर्षानुवर्षे त्यांनीच ब्रश हातात नेऊन दिला, त्यांनीच चोथा उचलला. प्रेमाने, न कुरकुरता. आणि म्हणूनच ती सवय जशीच्या तशी सुनेच्या पदरात पडली.

हा सिनेमा आला तेव्हा केरळातही अशीच दोन तोंडे झाली होती. कितीतरी बायकांनी लिहिले, ही तर माझ्या आईची गोष्ट. कितीतरी पुरुषांनी लिहिले, अतिशयोक्ती आहे, आता असे कुठे राहिले आहे? शबरीमलाच्या व्रताचा भाग त्यात असल्याने काहींच्या धर्मभावनाही दुखावल्या. पुढे २०२३ मध्ये तमिळमध्ये तो पुन्हा निघाला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘मिसेस’ नावाने हिंदीत घरोघरी पोचला. त्यात सान्या मल्होत्रा आहे, दिग्दर्शन आरती कडव यांचे. तेव्हा पुन्हा तोच वाद. पुरुषांच्या एका संघटनेने तर हरकत घेतली, की बाहेर राबणाऱ्या पुरुषाचे कष्ट का नाही दाखवत? आपल्याकडे १९८२ मध्ये ‘उंबरठा’तली स्मिता पाटील घर सोडून गेली, तेव्हाही वाद झालाच होता. पण तिच्यापुढे सुधारगृहातल्या बायकांचे मोठे काम होते. या मुलीपुढे तसे काहीच नाही, नुसते गळके सिंक. त्यामुळेच ‘एवढं काय झालं’ हा प्रश्न जास्त जोरात येतो.

अतिशयोक्ती म्हणणाऱ्यांसाठी एक सरकारी हिशेब सांगते. २०१९ साली देशभर ‘वेळेच्या वापराची’ पाहणी झाली. घरातले बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो, म्हणजे जवळजवळ पाच तास. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची सरासरी ९७ मिनिटे. आणि असा हात लावणारे पुरुष मुळात चारांतला एक! बायका मात्र पाचांतल्या चार.

रात्री जेवताना मी ही सगळी हकीकत ‘ह्यांना’ सांगितली. शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, ‘सिनेमावाले वाढवून सांगतात गं. आपल्याकडे कुठे आहे असं?’ आणि असे म्हणता म्हणता ताकासाठी वाटी पुढे केली. ताकाचे भांडे त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर. मी उठले आणि वाढलेही! वाढून झाल्यावर माझ्या ध्यानात आले. राग त्यांचा नाही आला, माझाच आला. कारण मार्गशीर्षात आमच्या मुलाचे लग्न आहे. मुलगी नोकरी करणारी, गुणी, हसरी. आणि माझ्या मुलाला आजवर एका शब्दात पाणी मिळत आले आहे, तेही मीच दिलेले. सिनेमाच्या शेवटी ती मुलगी माहेरी येते, तिचा भाऊ बाहेरून येऊन पाणी मागतो, धाकटी बहीण उठू लागते, तेव्हा ही केवढ्याने ओरडते, ‘तुला घेता येत नाही?’ ते आठवले आणि घास घशातच अडकला. उद्या माझी सून मला काय म्हणेल? सासू वाईट नव्हती, एवढेच?

भांडण मी केले नाही. फ्रिजवर एक कागद लावला. जेवताना पानावरून किती वेळा उठते, तेवढ्या रेघा. आठ दिवसांनी मोजले, तर रोज सरासरी अकरा वेळा! मीठ, लोणचे, गरम पोळी, पाणी, पुन्हा पोळी. कागद काही न बोलता तसाच राहू दिला. ‘ह्यांनी’ तो चष्मा लावून वाचला. बोलले काहीच नाहीत. पण दुसऱ्या दिवशी पाण्याचा जग आणि ताकाचे भांडे आधीच टेबलावर आलेले होते. एवढ्याने क्रांती झाली असे मी म्हणत नाही. परवा पुन्हा वाटी पुढे आली होतीच. पण या वेळी माझे पाय जागचे हलले नाहीत, आणि ‘ह्यांनी’ ताक ओतून घेतले. थोडे सांडले. पुसलेही.

तुम्हालाही करून बघायचे असेल, तर अनुभवाचे चार शब्द. पोळ्या आधी करून डब्यात ठेवा, सगळे टेबलावर आणा आणि सगळ्यांबरोबर बसा. निवलेल्या पोळीने आजवर कुणाचे काही बिघडलेले नाही. ‘जरा मदत कर रे’ असे म्हणू नका. मदत म्हटली की काम आपलेच राहते. एक काम अख्खे देऊन टाका. मी मुलाकडे रात्रीचा ओटा दिला आहे. उरलेले झाकून फ्रिजमध्ये ठेवायचे, दूध तापवून निववायचे, ओटा पुसायचा, ओला कचरा बांधायचा, सगळे त्याच्याकडे. पहिले पंधरा दिवस मात्र तोंडाला कुलूप! दूध दोनदा उतू गेले. मी बाहेर बसून माळ ओढली, पण आत गेले नाही. आणि प्लंबर, इलेक्ट्रिशियन, गॅसवाला यांचे नंबर दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहून लावा. ज्याला बिघाड दिसेल त्याने फोन करायचा, हा घरचा नियम.

सुनेने घर सोडावे की नाही, हे सांगणारी मी कोण? ज्याचे त्याला ठाऊक. पण सोडायची वेळ येऊ नये म्हणून आधी काही करता येते, आणि ते सुनेने नव्हे, सासूने करायचे असते, मुलाचे लग्न ठरण्याच्याही आधी. मला थोडा उशीरच झाला.

जाता जाता काकूंचे सांगते. त्या दिवशी निघताना त्यांनी आपला कप उचलला आणि सवयीने मोरीकडे निघाल्या. माझा मुलगा तेवढ्यात घरी आला होता. त्याने त्यांच्या हातातून कप घेतला. काकू क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग मला म्हणाल्या, ‘चटणी पाट्यावरचीच चांगली लागते हो. पण ज्याला खायचीय, त्याने वाटावी.’

तुमच्या कागदावर किती रेघा पडल्या, ते जरूर कळवा.