वाकणे आणि नम्र होणे

बायबलातील नम्रतेविषयी आपल्या सुशिक्षित मंडळींत दोन मते आढळतात, आणि दोन्ही सारख्याच खात्रीने बोलून दाखविली जातात. पहिले मत असे की, ती दुबळ्यांची नीती आहे. ज्यास मान ताठ ठेवणे परवडत नाही त्याने मान तुकविण्यालाच सद्गुण म्हणावे, अशी ती एक सोय आहे. हे मत मांडणारे गृहस्थ नीत्शेचे नाव घेतात. नीतीच्या वंशावळीवरील त्याचा १८८७ सालचा ग्रंथ त्यांनी वाचलेला असतोच असे नाही. दुसरे मत भाविकांचे. मनुष्य गर्वाने फुगतो, देव त्यास तडाखा देतो, मग तो गुडघे टेकतो आणि श्रद्धावान होतो, असा बायबलाचा सरळ धडा ते सांगतात. एक पक्ष या गोष्टीस नावे ठेवतो, दुसरा तिचे गोडवे गातो. परंतु दोघांचे गृहीत एकच आहे. नम्रता म्हणजे आपल्याहून बलवान असलेल्यापुढे वाकणे, हे ते गृहीत. आमचे भांडण या गृहीताशी आहे.

आम्हां सरकारी नोकरांस तर ते विशेष जवळचे. इंग्रजी अमदानीत सरकारी पत्राच्या शेवटी लिहिणारा स्वतःस समोरच्याचा आज्ञाधारक सेवक म्हणवीत असे, मग पत्राच्या मजकुरात त्याने त्याच समोरच्याची कितीही खरडपट्टी काढलेली असो. ते शब्द गेले. वृत्ती गेली असे म्हणवत नाही. वरिष्ठांच्या खोलीत जो आवाज मधाळ होतो तोच बाहेर येऊन शिपायावर चढतो, आणि अशा मनुष्यास निवृत्तीच्या समारंभात अत्यंत विनम्र स्वभावाचे म्हणून निरोप दिला जातो. बायबलाच्या कसोटीस हा मनुष्य उतरेल काय? आमच्या मते मुळीच नाही. आणि याविषयी ज्यास शंका असेल त्याने राजांच्या दुसऱ्या पुस्तकातील पाचवा अध्याय, म्हणजे नामानाची कथा, एकदा शांतपणे वाचावी.

नामान हा अरामच्या राजाचा सेनापती. पराक्रमी, राजाच्या मर्जीतला, दिमिष्कात ज्याचा शब्द खाली पडत नाही असा. पण अंगावर कोड. (मूळ हिब्रू शब्दात त्वचेचे अनेक विकार येतात, आज ज्यास आपण कुष्ठरोग म्हणतो तोच हा, असे अभ्यासक मानीत नाहीत.) त्याच्या घरी एक लहान मुलगी बटीक म्हणून राबत होती. अरामी टोळ्यांनी इस्राएलात शिरून जी लूट आणली तीत ही मुलगीही होती. ग्रंथकाराने तिचे नाव दिलेले नाही. शोमरोनातील संदेष्ट्याकडे धनी गेले तर बरे होतील, एवढेच ती आपल्या मालकिणीस सांगते, आणि कथेचे चाक फिरू लागते.

येथून पुढे कथा आमच्या परिचयाच्या मुलखात शिरते. मुलीने सांगितला संदेष्टा. परंतु सेनापतीचे काम म्हटल्यावर अर्ज योग्य मार्गाने जावयास हवा. म्हणून अरामच्या राजाने पत्र लिहिले ते इस्राएलच्या राजाला. सोबत दहा किक्कार चांदी, सहा हजार शेकेल सोने आणि दहा उंची पोशाख. आजच्या मापाने तीनशे किलोंहून अधिक चांदी आणि साठ किलोंहून अधिक सोने. पत्रात संदेष्ट्याचा उल्लेखच नाही. या मनुष्यास बरे करा, असे एक राजा दुसऱ्या राजास कळवितो आणि पत्र मिळालेला राजा, हा युद्धाचे निमित्त शोधतो आहे असे समजून, आपली वस्त्रे फाडतो. एका पोरीच्या तोंडच्या साध्या वाक्याचे दोन दरबारांतून जाता जाता काय झाले ते पाहावे. अखेर अलीशा संदेष्ट्यानेच निरोप पाठवून ते प्रकरण आपल्याकडे मागवून घेतले.

नामान रथघोडे घेऊन अलीशाच्या दाराशी उभा राहिला. अलीशा बाहेर आला नाही. त्याने माणसाकरवी सांगून पाठविले की, यार्देनेत सात वेळा बुडी मारून ये. नामान संतापला. स्वागताचा सारा विधी त्याने मनात आधीच रचून ठेवला होता: संदेष्टा बाहेर येईल, उभा राहील, देवाचे नाव घेईल, रोगट जागेवर हात फिरवील. यांतले काहीच घडले नाही. तेव्हा त्याने आपल्या नद्या काढल्या. दिमिष्काच्या अबाना आणि परपर या नद्या इस्राएलातील साऱ्या पाण्याहून सरस नाहीत काय, असा त्याचा सवाल होता. सवाल खोटाही नव्हता. अबाना म्हणजे आजची बरादा, असे सामान्यतः मानतात. तिच्या पाण्यावर दिमिष्काच्या बागा शतकानुशतके पोसल्या. यार्देन खालच्या अंगास गढूळ.

परमुलखात राहणाऱ्या मराठी माणसास हे भाषण अपरिचित वाटू नये. पाटण्यास असो, कानपुरास असो की कलकत्त्यास, चार मराठी अधिकारी एकत्र जमले की अबाना-परपरचा पाठ सुरू होतो. आमच्याकडचा कारभार असा, आमच्याकडची शिस्त अशी, आमच्याकडे गाण्यानाटकास माणसे वेळेवर येतात, येथील लोकांस कशाचीच वार्ता नाही! गोदेचा आणि कृष्णेचा अभिमान बाळगण्यात गैर काही नाही. नामानाच्या नद्याही खरोखरच चांगल्या होत्या. पण ज्या पाण्यात उतरावयाचे ते समोर असताना मागे राहिलेल्या पाण्याची थोरवी गाणे, हा न उतरण्याचा बहाणा होय. आणि हा गर्व केवळ परक्याचाच असतो असेही नाही. लूकाच्या शुभवर्तमानात, येशूने आपल्या नासरेथ गावी हीच कथा काढली. अलीशाच्या काळी इस्राएलात पुष्कळ कोडी होते, पण शुद्ध झाला तो अरामी नामान, एवढेच त्याने स्मरण दिले. तेवढ्यावरून त्याच्याच गावकऱ्यांनी त्यास कड्यावरून लोटण्यासाठी टेकडीपर्यंत नेले.

मग नामानाचा गर्व मोडला कोणी? भाविकांच्या तडाख्याच्या सिद्धान्ताची परीक्षा येथेच होते. रोगाने मोडला म्हणावे, तर रोग अंगावर असतानाच तो रथ घेऊन दारात ताठ उभा होता. रोगाने त्यास गरजू केले, नम्र केले नाही. या दोन अवस्थांत अंतर आहे. अलीशाने मोडला म्हणावे, तर त्याने तोंडही दाखविले नाही. आकाशातून वाणी आली नाही, वीज कडाडली नाही. नामान रागाने परत फिरला असता त्याचे चाकर जवळ आले. धन्यास वडिलांप्रमाणे संबोधून ते म्हणाले की, संदेष्ट्याने एखादी मोठी अवघड गोष्ट सांगितली असती तर ती आपण केलीच असती ना. मग ही एवढीशी का करू नये? आणि नामानाने ऐकले. सारी कथा या ऐकण्यात आहे. ज्याच्यापुढे सैन्ये हलतात त्या पुरुषाने प्रथम एका लुटून आणलेल्या मुलीचा आणि नंतर आपल्या चाकरांचा शब्द मानला. वरून खाली आलेल्या हुकुमाने नव्हे, खालून वर आलेल्या बोलण्याने त्याची मान वाकली.

तो पाण्यात उतरला तेव्हा त्याच्या मनात श्रद्धा होती, असे ग्रंथ कोठेही म्हणत नाही. सात बुड्यांनंतर अंग शुद्ध झाले, तो सगळ्या लव्याजम्यासह मागे फिरला, अलीशापुढे उभा राहिला, आणि तेव्हा प्रथम म्हणाला की इस्राएलाचा देव हाच खरा, हे आता मला कळले. श्रद्धा आली म्हणून तो नम्र झाला असे नाही. आधी नम्र झाला, मग श्रद्धेला जागा मिळाली. हिब्रू लेखकाने तर याची खूणच शब्दांत पेरली आहे. बटीक मुलीस तो 'नअरा कटन्ना', म्हणजे लहान मुलगी, म्हणतो. आणि शुद्ध झालेले नामानाचे अंग 'नअर काटोन', लहान मुलाच्या अंगासारखे झाले, असे सांगतो. आरंभी ज्यास मोठा पुरुष म्हटले तो अखेरीस त्या पोरीच्या मापाचा झाला.

येथे कोणी दानीएलाच्या पुस्तकातील नबुखद्नेस्सर आमच्यासमोर उभा करील. तो बाबेलच्या राजवाड्यावर फिरत असता, हे नगर मीच उभारले, असे बोलला आणि तत्क्षणी बुद्धिभ्रष्ट होऊन बैलासारखा गवत खाऊ लागला. मग त्याने डोळे वर केले आणि देवाला मानले. (कुम्रान येथे सापडलेल्या एका खंडित लेखात जवळजवळ असेच दुखणे नबोनाइद या बाबेलच्या नंतरच्या राजाच्या नावावर आहे, तेव्हा कथेचा मूळ नायक तोच असावा, असे काही पंडित म्हणतात. ते असो.) हा तर उघड तडाखा झाला, असे प्रतिपक्ष म्हणेल. झाला खरा. पण तडाख्यापूर्वीची ओळ लोक का गाळतात? तडाख्याच्या पूर्ण बारा महिने आधी दानीएलाने राजास सल्ला दिला होता की, नीतीने वाग, गरिबांवर दया कर. दानीएल कोण, तर यहूदा प्रांतातून पकडून आणलेला बंदिवान. नामानाने लुटीतल्या मुलीचे ऐकले आणि त्याचे काम सात बुड्यांत झाले. नबुखद्नेस्सराने बंदिवानाचे ऐकले नाही म्हणून त्याच्यावर सात काळ गवत खाण्याची पाळी आली. आणखी एक गंमत अशी की, ही सारी हकीकत राजाने सर्व राष्ट्रांस काढलेल्या जाहीरनाम्याच्या रूपात आहे. नम्रतेचे परिपत्रक काढणारा हा बहुधा पहिलाच सत्ताधीश असावा.

कफर्णहूमच्या रोमी शताधिपतीची गोष्ट याच मार्गाने जाते. यहूदी वडिलांनी येशूजवळ त्याची शिफारस केली ती, हा योग्य मनुष्य आहे, याने आमचे सभास्थान बांधून दिले, अशी. त्याने स्वतः मात्र निरोप धाडला की, आपण माझ्या घरी यावे इतका मी योग्य नाही. शिफारसपत्रातील मजकूर आणि अर्जदाराचे स्वतःविषयीचे मत यांत इतकी तफावत आम्ही तरी अन्यत्र पाहिलेली नाही. त्याची श्रद्धाही कचेरीच्या भाषेत आहे: मी हुकमाखालचा माणूस, माझ्या हाताखालीही शिपाई आहेत, तेव्हा शब्दाने काम होते हे मला ठाऊक आहे. येशूने त्याच्या श्रद्धेचे आश्चर्य केले. पण तो कोणासाठी आला होता? आपल्या आजारी दासासाठी.

नीत्शेपंथीयांनी याचे उत्तर द्यावे. सेनापती, राजा, शताधिपती यांतील दुबळा कोणता? उलट सत्ता हाती असलेल्यांकडूनच हा ग्रंथ नम्रता मागतो, आणि तीही सत्ता नसलेल्यांच्या बाबतीत. आपल्याकडील एक उदाहरण पाहा. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी ज्यांस पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या त्या रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, केडगावच्या मुक्तिसदनात आयुष्याची अखेरची वर्षे बायबलाच्या मराठी भाषांतरात वेचली. १९२२ साली त्या वारल्या, १९२४ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला. संस्कृतप्रचुर मराठी त्यांस सहज लिहिता आली असती. त्यांनी सोपी भाषा निवडली, कारण जिला अक्षरओळखही नुकती झाली आहे अशी बाई त्यांच्या डोळ्यांसमोर होती. हा दुबळेपणा असेल तर तो फार थोड्यांना साधतो.

नामानाने निघताना एक मागणी केली, आणि उपदेशक ती बहुधा घाईने ओलांडतात. तो म्हणाला की, माझा राजा माझ्या हातावर भार टाकून रिम्मोनाच्या देवळात नमन करतो तेव्हा मलाही वाकावे लागते. एवढ्याची मला क्षमा असावी. अलीशाने त्यास शांतीने जाण्यास सांगितले. नोकरीचा राजीनामा मागितला नाही. आमच्यातील काही जण या जागी हुशारीने बोट ठेवतील, की पाहा, वरिष्ठांच्या देवळात वाकण्यास संदेष्ट्याची परवानगी आहे! परवानगी आहे, पण नामानाने त्या वाकण्यास काय म्हटले ते विसरू नये. त्याने त्याची क्षमा मागितली. त्यास नम्रता म्हटले नाही, निष्ठा म्हटले नाही. पाठ वाकणे आणि मन वाकणे यांतील भेद त्या अरामी सेनापतीस एका दिवसात कळला. आमच्या कचेऱ्यांत तीस वर्षांच्या सेवेनंतरही तो कळत नाही.

हा भेद न कळलेला मनुष्य त्याच अध्यायात आहे. अलीशाचा चाकर गेहजी. धन्याने नजराणा नाकारला हे त्यास पाहवले नाही. तो रथामागे धावला. त्यास पाहून नामान रथातून खाली उतरला. संदेष्ट्याच्या दाराशी जो रथघोड्यांसह ताठ उभा राहिला होता तो एका चाकरासाठी खाली उतरला, हे ध्यानात ठेवावे. गेहजीने खोटे पाहुणे सांगून एक किक्कार चांदी मागितली, नामानाने आग्रहाने दोन दिल्या. घरी ठेवून गेहजी धन्यापुढे येऊन उभा राहिला, आणि कोठे गेला होतास असे विचारताच, हा दास कोठेच गेला नव्हता, असे अदबीने म्हणाला. अदबीत कसूर नव्हती. नामानाचे कोड त्यास लागले.

आता आमची तक्रार ग्रंथकाराशीही आहे. नामान दिमिष्कास परतला तो दोन खेचरांवर इस्राएलची माती लादून घेऊन, त्या देवाची उपासना करता यावी म्हणून. माती नेली. पण जिच्या शब्दावरून हे सारे घडले ती मुलगी इस्राएलास परत गेली काय? ग्रंथ गप्प आहे. पुष्कळ उपदेशक तिला आपल्या पदरचे शेवट जोडून मुक्त करून घरी पोचवितात, आणि श्रोते सुखाने उठतात. मूळ कथेत तिचे नाव पहिल्या चार वाक्यांतही नाही आणि पुढे ती स्वतःही नाही. उपदेशकांनी तिला घरी पोचविण्याऐवजी नामानाच्या घरीच उभी ठेवून तो दरवाजातून आत येतो तेथे कथा थांबवावी, अशी आमची सूचना आहे.