घरच्या पडद्यावरची रूपांतरे

रूपांतर चांगले कोणते? जे मुळासारखे दिसते ते, की जे मुळासारखे वागते ते? हा प्रश्न मराठीच्या वर्गात नाटकांच्या निमित्ताने निघतो. देवलांनी १८९० साली ऑथेल्लोचा झुंझारराव केला आणि डेस्डेमोनाची कमळजा केली, तेव्हा त्यांनी काय टाकले आणि काय राखले याची आपण चर्चा करतो. मी हाच प्रश्न व्हिडिओ गेमच्या बाबतीत विचारणार आहे, आणि त्याबद्दल प्राध्यापक मंडळींची आगाऊ क्षमा मागून ठेवते. विषय पोरकट वाटेल. प्रश्न पोरकट नाही.

ज्यांना या खेळांची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे भाग आहे. १९७० नंतर अमेरिकेत आणि जपानमध्ये नाणे टाकून खेळायची, कपाटाएवढी यंत्रे जागोजागी उभी राहिली. ते आर्केड गेम. एका कपाटात साधारणपणे एकच खेळ, आणि त्या खेळाला लागेल तशी आतील मांडणी. तेच खेळ घरच्या टीव्हीवर आणायचे म्हणजे रूपांतर आलेच. या कामी सर्वांत गाजलेले जुने यंत्र म्हणजे अमेरिकेतील अटारी कंपनीने १९७७ साली १९९ डॉलरना विकायला काढलेले 'व्हिडिओ कॉम्प्युटर सिस्टिम'. पुढे त्याला 'अटारी २६००' हे नाव मिळाले. खेळ कार्ट्रिजमध्ये यायचा, कार्ट्रिज यंत्राच्या खाचेत बसवायचे, हातात एक दांडा आणि एक बटण.

या यंत्राची गरिबी ऐकण्यासारखी आहे. त्याची चालू स्मृती १२८ बाइट होती. आज संगणकावर देवनागरीतील एका चिन्हाला सर्वसाधारणपणे ३ बाइट लागतात. म्हणजे त्या स्मृतीत मराठीची जेमतेम ४२ चिन्हे मावली असती. हे मागचे वाक्यदेखील मावले नसते! सुरुवातीच्या कार्ट्रिजमध्ये जास्तीत जास्त ४ किलोबाइट. पडद्यावरचे चित्र साठवून ठेवायला तर जागाच नव्हती. टीव्हीचा किरण वरून खाली एकेक ओळ आखत जातो, त्याच्या बरोबरीने धावत कार्यक्रमाने प्रत्येक ओळ ऐन वेळी जुळवायची. एका ओळीसाठी प्रोसेसरच्या घड्याळाचे ७६ ठोके, बस्स. आणि हलत्या वस्तू किती? खेळाडूंच्या दोन आकृत्या, दोन गोळ्या आणि एक चेंडू. कारण पाँग आणि टँक यांसारखे दोघांनी समोरासमोर खेळायचे साधे खेळ डोळ्यांपुढे ठेवूनच यंत्र आखले होते. अशा यंत्रावर परग्रहवासीयांची अख्खी फौज उतरवायची होती.

(हे यंत्र मी हातात धरलेले नाही. एम्युलेटर नावाची एक आज्ञावली असते, ती जुन्या यंत्राचे हुबेहूब सोंग घेते. 'स्टेला' नावाचे असे सोंग मैत्रिणीच्या लॅपटॉपवर आहे, त्यावर मी हे खेळ खेळले.)

आता 'स्पेस इन्व्हेडर्स'. जपानच्या ताइतो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी १९७८ साली केलेला हा खेळ. ११ च्या ५ रांगा, म्हणजे ५५ परग्रहवासी, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे सरकत एकेक पायरी खाली येतात. खाली आपली एक तोफ आणि चार आडोसे. या खेळाचा जीव एका विचित्र गोष्टीत आहे. यंत्र एका वेळी एकच परग्रहवासी सरकवत असे. ५५ असताना साऱ्या फौजेला एक पाऊल टाकायला वेळ लागे. जसजसे मरत जात, तसतशी उरलेल्यांची पावले भरभर पडत. शेवटचा एकटा तर वाऱ्यासारखा पळतो. आणि त्याच तालावर खालच्या पट्टीतला चार ठोक्यांचा आवाज छातीत धडधडल्यासारखा वाढत जातो. जिंकत जावे तसे भय वाढावे, ही त्यातील खरी गंमत.

अटारी २६०० वरचे त्याचे रूपांतर १९८० साली रिक मॉरर यांनी केले. त्यात परग्रहवासी ५५ नाहीत, ३६ आहेत. आडोसे चार नाहीत, तीन आहेत. हिशेबी माणूस म्हणेल, एवढी काटछाट? पण ती काटछाट आली कुठून ते पाहा. यंत्राला दोनच आकृत्या येतात. मात्र प्रत्येक आकृतीच्या शेजारी शेजारी तीन प्रती काढण्याची सोय त्यात होती. दोन त्रिक सहा. सहा उभ्या ओळी आणि सहा आडव्या रांगा म्हणजे छत्तीस. यंत्राच्या अंगचे जे होते, त्यातूनच फौज उभी केली. आणि फौज कमी होताना पावलांचा वेग वाढणे, तो धडधडता ठोका, हे सोडले नाही. शिवाय एका कार्ट्रिजमध्ये खेळाचे ११२ प्रकार: कुठे आडोसेच सरकतात, कुठे परग्रहवासी दिसतच नाहीत, कुठे दोघांनी मिळून लढायचे. दुकानातल्या कपाटाला दर तीन मिनिटांनी नवे नाणे हवे असते. घरच्या खेळाला महिनोन्‌महिने पुरायचे असते. मॉरर यांनी हा फरक ओळखला, म्हणून माझ्या मते हे या यंत्रावरचे पहिल्या क्रमांकाचे रूपांतर. केवळ या एका खेळासाठी त्या वेळी लोकांनी यंत्र विकत घेतले, यात मला नवल वाटत नाही.

'पॅक-मॅन'ची गोष्ट उलट आहे. नामको कंपनीसाठी तोरू इवातानी यांनी केलेला १९८० चा मूळ खेळ सर्वांना ठाऊक आहे: भूलभुलैया, २४० ठिपके, चार मोठ्या गोळ्या आणि मागे लागलेली चार भुते. ती चार भुते चार स्वभावांची आहेत. एक सरळ पाठलाग करते, एक आपल्या पुढची जागा हेरते, एक मध्येच माघार घेते. म्हणून तो नुसता पळापळीचा खेळ राहत नाही, माणसे ओळखण्याचा होतो. १९८२ साली टॉड फ्राय यांनी ४ किलोबाइटांत त्याचे रूपांतर केले. पॅक-मॅनला एक आकृती दिली, उरलेली एक आकृती चार भुतांत आळीपाळीने वाटली. त्यामुळे भुते सारखी लुकलुकतात. चौघांचा रंग फिकट, पाहताना जवळपास एकच. पॅक-मॅन वर गेला तरी तोंड बाजूलाच. ठिपक्यांच्या जागी आडव्या चकत्या. या खेळाच्या ७० लाखांहून अधिक प्रती खपल्या, अटारी २६०० वर एवढा दुसरा कोणताच खेळ खपला नाही. आणि तरीही 'सर्वांत वाईट रूपांतर' म्हणून आजही याचेच नाव घेतले जाते.

लोक त्याला हसतात ते दिसण्यावरून. इथे माझा मतभेद आहे. भुते लुकलुकतात हा दोष मी सहज पोटात घालीन. भूत लुकलुकले तर बिघडले काय? खरा दोष असा की चार स्वभाव गेले. कोण कसे वागेल हे ओळखावे, असे काही उरलेच नाही. दिसणे बदलले याची तक्रार सारे करतात, वागणे गेले याची फार थोडे.

हे मला इतके लागते, त्याला एक कारण आहे, आणि ते सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिली. इथे पहिल्या वर्षी माझे मोजमाप एकाच पट्टीने झाले: ही इतरांसारखी किती बोलते? 'न'चा 'ण' कुठे होतो, इंग्रजी शब्द कुठे अडखळतो, याची मोजदाद. तीच कविता मला समजली आहे की नाही, हे विचारायला मात्र वेळ लागला. मूळ नमुन्याशी चेहरा जुळतो का एवढेच पाहणाऱ्या परीक्षकांवर तेव्हापासून माझा विश्वास नाही, मग ते माणसाचे परीक्षक असोत की खेळाचे.

पण 'मिस पॅक-मॅन' पाहिला की फ्राय यांची बाजूही लंगडी पडते. १९८३ साली त्याच यंत्रावर जनरल कॉम्प्युटर या कंपनीने तो उतरवला, ८ किलोबाइटांत. चार निरनिराळे भूलभुलैये आहेत, भुतांचे रंग वेगळे आहेत, लुकलुक पुष्कळच कमी आहे. मुख्य म्हणजे वळणावर थांबून 'हे भूत आता कुठे जाईल' असा विचार पुन्हा करावा लागतो. या मंडळींची कथाही मजेदार आहे. एम.आय.टी. सोडून आलेल्या या तरुणांनी आधी अटारीच्याच 'मिसाइल कमांड'ला परस्पर जोड देणारा एक सर्किट बोर्ड विकला. अटारीने खटला भरला. १९८१ साली तडजोड झाली आणि खटला भरणाऱ्यांसाठीच ते खेळ लिहू लागले! आर्केडमधला मूळ 'मिस पॅक-मॅन'देखील त्यांनी पॅक-मॅनवर केलेल्या अशाच जोडकामातून जन्मला. म्हणजे ज्याला आपण मूळ म्हणतो तेच एक रूपांतर. मूळ आणि नक्कल यांच्यात पवित्र-अपवित्राची रेघ ओढणाऱ्यांनी यावर जरूर विचार करावा.

'मिसाइल कमांड'चे रूपांतर (१९८१, रॉब फुलॉप) मला दुसऱ्या क्रमांकाचे वाटते. डेव्ह थ्यूरर यांच्या १९८० च्या मूळ खेळात सहा शहरे, तीन तळ, तीन बटणे आणि निशाण फिरवायला एक मोठा गोळा होता. घरी बटण एकच, तेव्हा तळही एकच ठेवला. परंतु आकाशातून रेषा उतरू लागल्या की सगळी शहरे वाचणार नाहीत, एखादे आपणच सोडून द्यावे लागेल, हा जो क्षण आहे तो जसाच्या तसा आहे. हा खेळ रचताना थ्यूरर यांना अणुयुद्धाची भयाण स्वप्ने पडत. घरच्या खेळाच्या पुस्तिकेत मात्र झार्डन आणि क्रायटॉल या दोन ग्रहांच्या लढाईची गोष्ट घातली आहे. ती भित्रेपणाची वाटते. सुदैवाने पुस्तिका बाजूला ठेवता येते.

'डिफेंडर'बद्दल थोडक्यात. मूळ यंत्रावर दांड्याशिवाय पाच बटणे होती. घरच्या खेळात एक विशेष बाँब टाकायला यान शहराच्या खाली नेऊन बटण दाबायचे, ही युक्ती मला फार आवडते. पण गोळी झाडताना स्वतःचे यानच दिसेनासे होते, याला काय म्हणावे! 'डाँकी काँग'मध्ये मूळच्या चार दृश्यांपैकी दोनच आहेत. त्यावर अधिक लिहीत नाही.

आपल्याकडे अटारी २६०० घरोघर नव्हते. तालुक्याच्या बाजारात टीव्हीला जोडायचे जे खेळाचे डबे पुढे मिळत, ते निन्टेंडोच्या यंत्राच्या नकला होत्या. 'इतके हजार खेळ एकात' असे लिहिलेल्या त्यांच्या कार्ट्रिजवर गॅलेक्सियन, पॅक-मॅन, डाँकी काँग असत. तीही आर्केडची रूपांतरेच. माझ्या मोठ्या चुलतभावाकडे असा डबा होता. नाण्याचे कपाट आम्हा कोणीच पाहिलेले नव्हते. आमच्यापुरता तोच मूळ खेळ होता, आणि त्यावरचा आनंद दुय्यम प्रतीचा होता असे मला कोणी पटवून देऊ शकणार नाही.

अलीकडे काही हौशी मंडळी अटारी २६०० साठी नवी कार्ट्रिजे करतात. त्यांतील काहींच्या आत मूळ यंत्रापेक्षा कितीतरी बलवान असा आधुनिक प्रोसेसर बसवलेला असतो, आणि खेळ आर्केडच्या अगदी जवळ जातो. कौतुक आहे, पण ते कौतुक मी या यंत्राच्या खात्यावर जमा करणार नाही. उसन्या पायांनी शर्यत जिंकल्यासारखे ते आहे. याउलट त्याच जुन्या ४ किलोबाइटांत कोणी तरी मूळच्या जवळ जाणारा पॅक-मॅन लिहून दाखवला आहे, त्याच्यापुढे मी हात जोडते.

राहिला 'वॉरलॉर्ड्स'. कार्ला मेनिन्स्की यांनी १९८१ साली केलेले हे रूपांतर यादीत कितव्या क्रमांकावर ठेवावे ते माझे ठरलेले नाही. पडद्याच्या चार कोपऱ्यांत चार किल्ले, मध्ये उसळणारा अग्निगोल, प्रत्येकाने आपली ढाल सरकवून तो दुसऱ्याच्या किल्ल्यावर धाडायचा. चित्र अगदी ओबडधोबड, पण चौघे एका वेळी खेळू शकतात, आणि चौघे एका सतरंजीवर बसून भांडत असतील तर त्याहून जास्त काय हवे? त्यासाठी गोल फिरवायच्या खुंट्या लागतात. वसतिगृहात आम्ही चौघींनी एकाच कीबोर्डावर प्रयत्न केला, तर खेळापेक्षा कोपरांचीच लढाई अधिक झाली. वाचकांपैकी कोणाकडे अशा खुंट्या असतील तर कृपया मराठी विभागात निरोप ठेवावा. परीक्षेनंतर खेळून क्रमांक ठरवता येईल.