तळहातावरचा खेळ घरच्या भिंतीवर

घरातल्या भांडणांचे विषय काळाप्रमाणे बदलत असतात. एके काळी रेडिओवर बातम्या ऐकायच्या की गाणी, यावरून खटके उडत. पुढे टीव्ही आला आणि ‘आमची माती, आमची माणसं’ संपेपर्यंत पोराटोरांनी हूं की चूं करायचे नाही, असा दंडक आला. मग वाहिन्या आल्या, रिमोट आला. आजीची मालिका आणि नातवाचा क्रिकेटचा सामना नेमके एकाच वेळी लागू लागले. शेवटी प्रत्येकाच्या हाती मोबाईल आला आणि भांडण मिटले, असे सर्वांनाच वाटले. खरे तर ते मिटले नव्हते. माणसे एका खोलीतून उठून चार कोपऱ्यांत जाऊन बसली होती, इतकेच.

आता या गोष्टीला नवे वळण मिळाले आहे. मोबाईलमधला गेम घरच्या टीव्हीवर घ्यायचा, मोबाईल बाजूला ठेवायचा आणि बिनतारी कंट्रोलर हातात धरून चार हात लांब बसून खेळायचे, ही सोय आता पुण्या-मुंबईपुरती राहिलेली नाही. बारामती-इंदापूरकडे, म्हणजे आपल्या कऱ्हाटीतही, भिंतीवरचे पातळ टीव्ही नवलाचे राहिलेले नाहीत. जी वस्तू गावच्या दुकानात मिळत नाही, ती कुरिअरवाला वस्तीवर आणून देतो. अशा वेळी मोबाईलवर वाकलेली मान वर झाली म्हणून पालकांनी आनंद मानायचा, की उरलासुरला टीव्हीही मुलांनी बळकावला म्हणून कपाळाला हात लावायचा?

दोन्हीची घाई नको. या सोयीत एक गोष्ट मात्र लक्षात घेण्याजोगी आहे. तळहातावर लपलेला मुलाचा खेळ बऱ्याच वर्षांनी पुन्हा घरातल्यांच्या डोळ्यांसमोर येतो आहे. त्याचे सोने करायचे की माती, हे यंत्र ठरवणार नाही; घराने ठरवायचे आहे.

कॅसेटचे दिवस

आज चाळिशी गाठलेल्या वाचकांना हे सारे ओळखीचे वाटेल. जपानच्या निन्तेंडो कंपनीने १९८३ साली ‘फॅमिली कॉम्प्युटर’ नावाचे खेळाचे यंत्र काढले. त्याच्या नकला जगभर झाल्या आणि त्यांतल्या काही नव्वदच्या दशकात आपल्याकडेही टीव्हीला जोडल्या गेल्या. वरून खोचायच्या त्या प्लास्टिकच्या डबीला आपण ‘कॅसेट’ म्हणत असू. तीत मारिओ असे, कॉन्ट्रा असे. सोबत वायरीचे दोन रिमोट येत. घरात टीव्ही एकच, तोही बाहेरच्या खोलीत. त्यामुळे खेळणारे दोघे आणि बघणारे सहा. कॉन्ट्रातला बंदूकवाला आजीला कळत नसे, पण नातू किती वेळ बसला आहे हे तिला बरोबर कळे. बातम्यांची वेळ झाली की वडील एक शब्द न बोलता वायर काढत आणि खेळ संपे.

१९९७ साली नोकियाच्या फोनमध्ये साप वळवळू लागला आणि खेळ खिशात शिरला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, इंटरनेट स्वस्त झाले. २०१८ मध्ये पबजी मोबाईलवर आला. २०२० च्या टाळेबंदीत तर शाळाच मोबाईलमध्ये भरू लागली. मग मुलाच्या हातातून तो काढून घ्यायचा कोणत्या तोंडाने? सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी पबजीवर बंदी घातली. जुलै २०२१ मध्ये तो नव्या भारतीय नावाने परत आला, जुलै २०२२ मध्ये ॲपच्या दुकानांतून पुन्हा नाहीसा झाला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा अवतरला. या येण्याजाण्यात पालकांच्या पदरात काय पडले? पोरगा गोधडीत तोंड घालून गेम खेळतो आहे की अभ्यासाचा व्हिडिओ बघतो आहे, हे त्यांना तेव्हाही कळत नव्हते आणि आजही कळत नाही.

यंत्राची गोम

मोबाईलचा खेळ टीव्हीवर आणायचे रस्ते तीन. पहिला वायरीचा. चार्जिंगच्याच जागेतून चित्र बाहेर काढून ते टीव्हीच्या एचडीएमआय खाचेत द्यायचे. पण ही सोय बहुधा महागड्या फोनमध्येच असते. स्वस्त फोनच्या त्या जागेतून चार्जिंग होते, फोटो जातात, चित्र जात नाही. वायर घेण्यापूर्वी हे विचारून घेतलेले बरे. दुसरा रस्ता वायफायचा. मोबाईलचा पडदा जसाच्या तसा टीव्हीवर पाठवायचा. तिसरा रस्ता म्हणजे गेम थेट स्मार्ट टीव्हीत किंवा टीव्हीला लावायच्या स्टिकमध्ये उतरवून घ्यायचा आणि कंट्रोलर टीव्हीलाच जोडायचा. कंट्रोलर स्वतः ब्लूटूथवर चालतो. २०१९ पर्यंत अँड्रॉइड आणि आयफोन हे दोन्ही प्लेस्टेशन, एक्सबॉक्सचे कंट्रोलर ओळखू लागले होते, त्यामुळे जोडणीची कटकट आता फारशी नाही.

कटकट आहे ती वेगळीच. वायफायच्या रस्त्याने खेळताना तुम्ही बटण दाबता, तो निरोप फोनला पोहोचतो, फोन चित्र तयार करतो, ते दाबून लहान करतो, हवेतून टीव्हीला पाठवतो आणि टीव्ही ते पुन्हा उलगडतो. या सगळ्याला सेकंदाचा लहानसा अंश जास्त लागतो. गाडीच्या शर्यतीत तेवढ्यात गाडी खड्ड्यात जाते. बुद्धिबळ, लुडो, कॅरम, शब्दकोडी, प्रश्नमंजूषा यांत मात्र तो उशीर कोणाच्या लक्षातही येत नाही. वायर लावली किंवा टीव्हीतली ‘गेम मोड’ ही सोय चालू केली, तर उशीर बराच कमी होतो, हे खरे. पण साध्या फोनच्या आणि साध्या टीव्हीच्या घरात सगळ्यांत सुरळीत चालतात ते आपले जुने बैठे खेळच!

दुसरी गोम नियमांची. बोटाने खेळणारा आणि कंट्रोलरने खेळणारा यांची बरोबरी होत नाही. म्हणून ‘कॉल ऑफ ड्यूटी मोबाईल’मध्ये कंट्रोलरवाल्यांची गाठ कंट्रोलरवाल्यांशीच घातली जाते. पबजीच्या घराण्यातल्या खेळात कंट्रोलरला अधिकृत मुभाच नाही. पळवाट काढणाऱ्याचे खाते बंद होऊ शकते. तेव्हा मुलाने ‘कंट्रोलर घेऊन द्या’ म्हटले, तर ‘कोणत्या खेळासाठी?’ हा पहिला प्रश्न विचारावा. त्या एका प्रश्नातून पालकाला मुलाच्या खेळाविषयी पुष्कळ काही कळते.

कंपन्यांनीही वारा ओळखला आहे. २०२५ च्या अखेरीस नेटफ्लिक्सने टीव्हीवर चार-सहा जणांनी मिळून खेळायचे खेळ आणले. त्यांत प्रत्येकाचा मोबाईल हाच कंट्रोलर आणि पडदा सगळ्यांचा एक. पांगलेल्या घराला पुन्हा एका पडद्यासमोर बसवण्यात आता व्यापारालाही फायदा दिसू लागला आहे.

फोन कोणाचा, पाळी कोणाची?

शहरातल्या घरात फोन ही करमणुकीची वस्तू असेल. कऱ्हाटीत तो शेतीचे अवजार आहे. रात्रपाळीची वीज आली की विहिरीवरची मोटार फोनवरून चालू होते. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने ऊसशेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा जो प्रयोग चालवला आहे, त्यात पाणी कधी सोडावे, खत किती द्यावे, याचा सल्ला शेतकऱ्याला फोनवरच येतो. बँकेचे खाते त्याच फोनला, युपीआय त्याच फोनवर. असा फोन संध्याकाळी दोन तास टीव्हीला जुंपून ठेवणे म्हणजे ऐन पेरणीत बैल जत्रेला पाठवण्यासारखे आहे. शिवाय खेळात नाणी, हिरे, पोशाख विकत घेण्याची प्रलोभने जागोजाग असतात आणि पैसे देण्याची वाट त्याच फोनमधून जाते. म्हणून अशा घरांना वर सांगितलेला तिसरा रस्ताच बरा. खेळ टीव्हीत राहतो, फोन मोकळा राहतो. मात्र टीव्हीतल्या खरेदीलाही पासवर्ड घालून ठेवणे आवश्यक आहे.

आता पाळीविषयी. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर २०२४’ या ग्रामीण भारताच्या पाहणीत १४ ते १६ वयोगटातली ८२ टक्क्यांहून अधिक मुले-मुली स्मार्टफोन चालवू शकतात, असे आढळले. आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरणारी ५७ टक्के, तर समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के निघाली. पण खरा बोलका आकडा पुढे आहे. फोन चालवता येणाऱ्या मुलांपैकी ३६ टक्के मुलांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी जेमतेम २७ टक्के मुलींकडे. म्हणजे ‘मोबाईलने मुले बिघडली’ ही तक्रार आपण करतो, तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर बहुतेक मुलगाच असतो. मुलीला बिघडायची संधीसुद्धा कमी!

टीव्हीवरच्या खेळात हे बदलू शकते. टीव्ही कोणा एकाचा नसतो, त्यामुळे तिथे पाळी मागता येते. पण मागितलेली पाळी मिळेलच असे नाही. दादा गेम खेळतो आहे आणि ताई भाकऱ्या थापता थापता मान वळवून बघते आहे, असे चित्र झाले, तर पडदा मोठा होऊनही तिच्या वाट्याला काही आले नाही, असेच म्हणावे लागेल.

आणि ज्यांच्या घरात बाहेरची खोलीच नाही, त्यांचे काय? उसाच्या हंगामात बीड-अहिल्यानगरकडून तोडणी कामगार सहकुटुंब आपल्या भागात येतात. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या परिसरात त्यांच्या कोप्या पडतात. आईबाप फडात गेले की फुटक्या काचेचा एखादा फोन हाच लहानग्यांचा सांभाळ करतो. त्यांच्यापुढे ‘सर्वांनी मिळून खेळा’ हा उपदेश पोकळ आहे. पण जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांत आज मोठे पडदे आहेत आणि ते संध्याकाळी बंद असतात. आठवड्यातून एखादी संध्याकाळ, एका शिक्षकाच्या किंवा गावातल्या कॉलेजच्या मुलांच्या देखरेखीखाली, तिथे बुद्धिबळ आणि प्रश्नमंजूषा का लावू नये? ग्रामपंचायतीच्या एका टीव्हीसमोर साऱ्या गावाने १९८७ साली रामायण पाहिले, ते याच महाराष्ट्रात.

भोंगा आणि कायदा

या प्रश्नावर गावांनी आपापली उत्तरे शोधली आहेत. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ च्या ऑगस्टमध्ये संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवायला सुरुवात केली. त्यानंतर दीड तास घरोघरचे टीव्ही आणि मोबाईल बंद, मुलांचा अभ्यास सुरू. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी ग्रामसभेने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाईलबंदीचा ठराव केला. दोन्हींमागची तळमळ एकच. पण वडगावच्या भोंग्यात एक शहाणपण अधिक होते: तो मोठ्यांसाठीही वाजत होता. ज्या घरात बाप स्वतः रील बघत बघत मुलाला ‘फोन ठेव’ म्हणतो, त्या घरात ठराव चालत नाहीत. चीनने तर ऑगस्ट २०२१ मध्ये अल्पवयीनांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच ऑनलाइन खेळ ठरवून दिला. तिथले सरकार घरात इतके आत येते; आपल्याकडे ते येऊ नये आणि येऊ द्यायचे नसेल, तर ते काम घराने केले पाहिजे.

मोबाईलच्या खेळाने राज्याच्या राजकारणातही धुरळा उडवला. जुलै २०२५ मध्ये तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांची विधान परिषदेत मोबाईलवर रमीचा पट उघडल्याची चित्रफीत गाजली. आपण खेळत नव्हतो, असे त्यांनी सांगितले. तरी ३१ जुलैला खातेबदल झाला आणि कृषी खाते आपल्या इंदापूरचे आमदार दत्तात्रय भरणे यांच्याकडे आले. त्यांच्याकडचे क्रीडा खाते कोकाटे यांच्याकडे गेले. पुढच्याच महिन्यात संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा संमत केला. २२ ऑगस्ट २०२५ रोजी त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायच्या खेळांवर त्याने बंदी आणली. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड ठेवला. ई-स्पोर्ट्स आणि करमणुकीचे खेळ यांना मात्र त्याने वेगळे काढून उत्तेजन देण्याचे धोरण ठेवले.

ही रेघ पालकांनीही मनात ओढून घ्यावी. जुगार वेगळा, खेळ वेगळा. घरातला पोरगा गाडी पळवतो आहे म्हणून तो बुडाला, असे नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या अतिरेकाला आजारांच्या यादीत स्थान दिले आणि ती यादी जानेवारी २०२२ पासून लागू झाली. पण त्यातही खेळावरचा ताबा सुटणे, बाकी सगळे मागे पडणे, नुकसान दिसत असूनही न थांबणे, आणि हे साधारण वर्षभर चालू राहणे, अशी लक्षणे सांगितली आहेत. ही लक्षणे दिसायची, तर मूल डोळ्यांसमोर हवे. बंद दाराआड खेळणाऱ्या मुलाची झोप, जेवण, चिडचिड यांचा हिशेब कोण ठेवणार?

म्हणूनच टीव्हीवरच्या खेळाला सरसकट नाही म्हणू नये, अटी घालाव्यात. टीव्ही बाहेरच्याच खोलीत राहील. सुरुवात आणि शेवट घड्याळावर ठरेल. जेवण आणि अभ्यास यांच्या आड खेळ येणार नाही. ज्या दिवशी पोरे मैदानावर घाम गाळून आली नसतील, त्या दिवशी टीव्हीवरही खेळ नाही. कबड्डी आणि कुस्तीच्या या मुलखात एवढे तरी मागायचा हक्क आपल्याला आहे. या अटी मोठ्यांच्या मालिकांना आणि बातम्यांनाही लागू राहतील.

आणि शेवटची अट खरेदीची. कंट्रोलर घ्यायचाच तर एक घेऊ नये, दोन घ्यावेत. पैसे एकाचेच असतील, तर दुसऱ्याचे जमेपर्यंत थांबावे. एक कंट्रोलर मुलाचा. दुसरा बहिणीच्या हाती जाईल, आईच्या जाईल, शेजारच्या मित्राच्या जाईल आणि कधी कधी, शेतावरून आल्यावर हातपाय धुऊन, वडिलांनीही तो घ्यायला हरकत नाही. ते हरतील. मुलाला फार आनंद होईल, आणि तो कोणता खेळ खेळतो, हे वडिलांना विचारावे लागणार नाही.