खेळाचा खर्च कोणाच्या खाती?

शाळाप्रवेशांचा हंगाम आला की मध्यमवर्गीय घरांत एक प्रश्न हमखास कानावर पडतो. नात तीन वर्षांची झालेली असते, दोन-तीन बालवाड्या पाहून झालेल्या असतात आणि कोणी तरी विचारतं, "तिथे काही शिकवतात, की नुसतंच खेळायला सोडतात?" या 'नुसतंच'मध्ये बालशिक्षणाविषयीची आपली सगळी समजूत सामावलेली आहे. खेळ म्हणजे रिकामपण, आणि रिकामपणासाठी फी कसली द्यायची, असा त्याचा अर्थ.

प्रत्यक्षात तीस मुलांना रांगेत बसवून पाटीवर 'अ' गिरवून घेणं हे त्यातल्या त्यात सोपं काम. मुलांना खेळू देणं अवघड. मणी ओवणारं मूल उद्या पेन्सिल धरणाऱ्या बोटांची तयारी करत असतं. पेल्याने लोटा भरणारं मूल मापाशी खेळत असतं. भातुकलीत 'तू आई, मी डॉक्टर' म्हणणारं मूल भाषा शिकत असतं. पण त्यासाठी मणी, पाणी, वाळू, ठोकळे कोणी तरी आधी मांडून ठेवावे लागतात. कोणतं मूल आठवडाभर कोपऱ्यातच बसून आहे, हे कोणी तरी टिपावं लागतं. आमच्या बँकेत काउंटर बंद झाला की लोकांना वाटायचं, संपलं यांचं काम. खरं तर जमाखर्चाचा मेळ शटर खाली ओढल्यावरच सुरू व्हायचा. बालवाडीचंही तसंच आहे. तीन तासांचा खेळ दिसतो, त्यामागची तयारी दिसत नाही.

महाराष्ट्राला हे नवं नाही. ताराबाई मोडकांनी राजकोटच्या अध्यापिका विद्यालयाचं प्राचार्यपद सोडलं आणि त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या, तेव्हा त्यांच्या पदरी लहान मुलगी होती. पुढे १९४५ मध्ये बोर्डीला आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी अनुताई वाघांच्या साथीने बालशिक्षण आदिवासी पाड्यांपर्यंत नेलं. मुलं बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीनेच त्यांच्या अंगणात जावं, या विचारातून 'अंगणवाडी' उभी राहिली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी 'कुरणशाळा' निघाल्या. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री. गौरवात आपण कमी पडलो नाही. मात्र त्यांच्या कामातून आपण सोयीचा तेवढाच धडा घेतला: बालवाडी चालवणं ही सेवा आहे, आणि सेवेचा हिशेब मागायचा नसतो.

याचं एक उदाहरण मी जवळून पाहिलं. १९८०च्या दशकाच्या अखेरीस माझी मुलं लहान होती. आमच्याच वस्तीतल्या एका बाईंनी राहत्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत बालवाडी काढली होती. मागच्या खोलीत अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, थोरल्या मुलाचं दहावीचं वर्ष, आणि पुढे पंचवीस मुलांचा किलबिलाट. बालवाडी बाराला सुटायची. पण आम्ही नोकरदार आया साडेपाचच्या आत घरी पोचत नसू. मार्चअखेर आणि सप्टेंबरअखेर तर रात्रच व्हायची. तोवर आमची चार-पाच मुलं तिथेच जेवायची आणि झोपायची.

एका रविवारी मी त्यांचा वर्षाचा हिशेब लिहून द्यायला बसले. रंग, माती, खडू, सतरंज्या, मदतनीस मावशींचा पगार, सगळं मांडून झालं.

"आणि बाई, तुमचा पगार किती धरायचा?"

"अहो, माझा कसला पगार? घरच्या घरीच तर आहे. उरलं तर उरलं."

तो रकाना कोराच राहिला. धंदा चालवणाऱ्याचे श्रम खर्चात न धरता दाखवलेला नफा हा नफा नसतो, हे कर्जाचे अर्ज तपासणारा कोणताही अधिकारी सांगेल. त्या बालवाडीची परवडणारी फी बाईंच्या झोपेतून आणि त्यांच्या मुलाच्या अभ्यासाच्या वेळेतून निघत होती. माझ्यासारख्या कितीतरी जणींच्या बढत्या त्या कोऱ्या रकान्यावर उभ्या राहिल्या.

सरकारी खात्यातही तो रकाना धड भरलेला नाही. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोचली. महाराष्ट्रात आज एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. तिथली सेविका मुलांची वजनं घेते, आहार वाटते, गरोदर स्त्रियांची नोंद ठेवते, मोबाइलवर माहिती भरते आणि उरल्या वेळात मुलांना खेळवते. तिला मिळतं ते 'मानधन'. पगार म्हटला की हक्क आला. मानधन म्हटलं की उपकार. सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल २०२२ मध्ये सांगावं लागलं. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातल्या सेविका संपावर गेल्या, त्यामागेही हीच खदखद होती.

विशेष म्हणजे खेळाचा मुद्दा कागदोपत्री आपण केव्हाच मान्य केलेला आहे. यशपाल समितीने १९९३ मध्येच शिशुवर्गाच्या प्रवेशासाठी परीक्षा-मुलाखती नकोत असं बजावलं होतं. २०२०च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा मानला, आणि २०२२च्या त्याच्या अभ्यासक्रम आराखड्याने खेळ केंद्रस्थानी आणला. धोरणात खेळ आला. खेळवणारीचा वेळ कोणी मोजायचा, हे मात्र अधांतरीच राहिलं.

घरीही तीच गत. २०२४च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार, घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला २८९ मिनिटं जातात, पुरुषांची ८८. बालवाडी चालवणारी स्त्री दिवसभर इतरांची मुलं सांभाळून घरी येते, तेव्हा ही २८९ मिनिटं उंबरठ्यावर तिची वाट पाहत असतात. अशा बाईला पालक वर 'मुलाला लिहायला कधी शिकवणार?' म्हणून टोचू लागले, की ती थकून पाट्या वाटून मोकळी होते. खेळ बंद पडतो तो असा. तिचा विश्वास कमी पडत नाही, बळ कमी पडतं.

उपाय फार गूढ नाहीत. बालवाडीच्या फीत बाईंचा पगार आणि तयारीचे तास धरलेच पाहिजेत. त्यामुळे फी थोडी वाढली तर ती रास्त समजावी. ज्यांना ती झेपणार नाही त्यांच्यासाठी अंगणवाडी सक्षम करणं हे सरकारचं काम आहे, आणि सेविकेच्या डोक्यावरची नोंदवह्यांची कामं हलकी केल्याशिवाय ते होणार नाही. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांनी पाळणाघराची सोय करावी, असं २०१७च्या मातृत्व लाभ दुरुस्तीत लिहिलेलं आहे. आपल्या कार्यालयात ती आहे का, हे आयांइतकंच बापांनीही विचारायला हवं. आणि बालवाडीवाल्या बाईंच्या घरातल्या पुरुषांनी संध्याकाळची कणीक मळली, तर त्याला कोणत्याही शासन निर्णयाची गरज नाही.

यंदा बालवाडी पाहायला जाल तेव्हा भिंतीवरचे तक्ते जरूर पाहा. मात्र त्याबरोबर तीन प्रश्न विचारा: एका बाईंकडे मुलं किती, तयारीला वेळ किती, आणि त्यांना पगार किती? उत्तर देताना बाई संकोचून हसल्या आणि 'उरलं तर उरलं' म्हणाल्या, तर तिथल्या खेळाचा खर्च कोण भरतं आहे हे समजून घ्या, आणि पुढच्या पालकसभेत तो विषय तुम्हीच काढा.