धोटा आणि बॅटरी

नवा स्मार्टफोन घेऊन मला चार महिने झाले. पडदा सुरेख, छायाचित्रे लख्ख; त्याच्याशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते जुन्याच्या अकाली मरणाबद्दल. त्याची फक्त बॅटरी थकली होती. पण ती आत डिंकाने चिकटवलेली! दुकानदार म्हणाला, "सर, दुरुस्तीत पैसे घालू नका, नवा घ्या."

आमच्या भिवंडीत हे बोलणे शोभत नाही. मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेल्या मागांवर इथे पिढ्या जगल्या. धोटा झिजला की जॉबर धोटा बदली. माग भंगारात घालीत नसे.

डिंकामुळे पाणी शिरत नाही म्हणतात. खरे आहे, पण मनगटी घड्याळात रबरी कडे आणि स्क्रू तेच काम करीत आले आहेत की!

आपल्या सरकारने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ काढले. युरोपीय संघाने २०२३ साली कायदाच केला: काही अपवाद वगळता, फेब्रुवारी २०२७ पासून अशा उपकरणांची बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता आली पाहिजे. तिथल्या गिऱ्हाइकाला स्क्रू आणि आम्हांला डिंक, हा न्याय कोणता?