आधी कागद विचारा

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. सांगलीकडच्या एक काकू आमच्या सल्लाकेंद्रात आल्या. हातात कापडी पिशवी, पिशवीत लेकीच्या लग्नाचा अल्बम. लेक न्यू जर्सीत. नवरा मराठीच, पण तिकडेच वाढलेला, अमेरिकेचा नागरिक. लग्न झाल्यावर वर्षभरात लेक ग्रीन कार्ड घेऊन तिकडे गेली, आणि चौदा महिन्यांत त्याने तिला घराबाहेर काढलं. "ताई, तो सही करत नाही म्हणतोय," काकू सांगत होत्या. मला वाटलं, घटस्फोटाच्या कागदावरची सही. मी म्हटलं, "नको करू दे. आपल्यालाही घाई नाही. आधी समेटाचं बघू."

सही वेगळ्याच कागदावरची होती, हे कळायला मला चार महिने लागले. एम.एस.डब्ल्यू. झालेली, दहा वर्षं नवऱ्याने टाकलेल्या बायकांच्या केसेस बघणारी मी. माझ्या "घाई नाही"मुळे त्या मुलीचे चार महिने गेले. आपल्या गटांमध्ये अशा केसेस आता येतच राहणार आहेत, म्हणून हे लिहिते आहे.

तो कागद असा. अमेरिकेने १९८६ साली एक कायदा केला. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत लग्नाच्या नात्याने ग्रीन कार्ड मिळालं, तर ते पक्कं नसतं. त्यावर दोन वर्षांची मुदत असते. ती संपण्याआधीच्या नव्वद दिवसांत नवरा-बायकोने मिळून आय-७५१ नावाचा अर्ज करायचा, दोघांच्या सह्यांनी. तो मंजूर झाला की कार्ड पक्कं. नाही केला, तर तिचा तिथे राहण्याचा हक्क संपतो आणि तिला देशाबाहेर काढण्याची कारवाई सुरू होऊ शकते. म्हणजे नवरा सही करत नाही, याचा अर्थ तो तिला सांगत असतो की मी तुला हाकलून देऊ शकतो. आपल्याकडे सासू "माहेरी पाठवीन" म्हणते, त्याचाच हा सरकारी शिक्क्याचा अवतार.

हा कायदा कशासाठी? खोटी लग्नं लावून लोक देशात घुसतात, म्हणून. तीस टक्क्यांपर्यंत अशी लग्नं खोटी असतात, असं १९८५ साली तिथल्या खात्याने सिनेटपुढे सांगितलं. ज्या पाहणीवर हा आकडा उभा होता ती पाहणीच धड नव्हती, हे पुढे निघालं. आकडा गेला, कायदा राहिला. लग्न खरं आहे की नाही याची साक्ष द्यायला सरकारने नेमला कोण, तर नवरा. ज्या घरात मारहाण आहे, त्या घरात ही साक्ष म्हणजे त्याच्या हातातली आणखी एक काठी. तिथल्या स्त्रियांनी ओरड केली तेव्हा १९९० साली अत्याचारग्रस्त बाईला एकटीने अर्ज करायची वाट मिळाली, आणि १९९४च्या स्त्रियांवरील हिंसाचाराच्या कायद्याने ती थोडी रुंद झाली. न्यू जर्सीतली 'मानवी' १९८५ सालची, न्यूयॉर्कची 'सखी' १९८९ची, कॅलिफोर्नियातली 'मैत्री' १९९१ची. या संस्था उभ्या राहिल्या त्या काळी आपल्या बायका तिकडे काय सोसत होत्या, याचा अंदाज या सालांवरूनही येतो.

आता मी कुठे चुकले ते सांगते. बाईला एकटीने अर्ज करता येतो, पण त्याला कारण लागतं. एक कारण असं की लग्न खरं होतं, पण घटस्फोट झाला. यासाठी घटस्फोट पुरा झालेला लागतो, नुसता दावा चालू असून भागत नाही. अर्ज करून ठेवला तर खातं निकालपत्र मागतं, आणि दिलेल्या मुदतीत ते हजर करावं लागतं. म्हणजे या मुलीला घटस्फोट लवकर हवा होता, आणि मी इकडून समेटाची पत्रं पाठवत होते! नवऱ्याला तर हेच पाहिजे होतं. तो समेटही करत नव्हता आणि घटस्फोटही देत नव्हता. कार्डाची मुदत मात्र सरत होती.

दुसरं कारण अत्याचाराचं. त्याला घटस्फोटाची वाट पाहावी लागत नाही. पण ही मुलगी फोनवर म्हणाली, "ताई, त्याने मारलं नाही हो कधी. फक्त फोन काढून घ्यायचा, पैसे द्यायचा नाही, दोन दोन दिवस बोलायचा नाही." मी गप्प झाले. आपणच शिबिरांतून वर्षानुवर्षं सांगतो की हाताने मारणं म्हणजेच हिंसा नव्हे, आणि तिच्या केसमध्ये मी स्वतः "मानसिक त्रास" एवढंच लिहून मोकळी झाले होते. तिकडच्या कायद्यातही मानसिक क्रौर्य बसतं. शेवटी तिथल्या एका वकीलबाईंनी दोन्ही कारणं घालून अर्ज केला. न्यू जर्सीत २००७ पासून सहा महिने न मिटणारे मतभेद हेही घटस्फोटाचं कारण धरलं जातं, त्यामुळे कुणाचा दोष ते सिद्ध करत बसावं लागलं नाही.

आणि पुरावा? लग्न खरं होतं हे दाखवायला दोघांच्या नावाचं बँक खातं, भाड्याचा करार, विम्याचे कागद मागतात. आपल्या मुलींकडे यातलं काय असतं? खातं त्याचं, घर त्याचं, गाडी त्याची. तेव्हा काकूंची कापडी पिशवी कामाला आली. अल्बम, लग्नपत्रिका, विवाह नोंदणीचा दाखला, दिवाळसणाचे फोटो, मामांचं प्रतिज्ञापत्र. माझी समेटाची पत्रंसुद्धा लागली, हा आणखी एक विनोद. अत्याचाराच्या कारणासाठी तर विश्वास ठेवण्याजोगा कुठलाही पुरावा विचारात घ्यावा, असं कायदाच सांगतो. आपल्या केंद्रातली नोंद त्यात बसते. पण आमच्या रजिस्टरमध्ये काय होतं? "आई आली होती. रडत होती. समेटाचा सल्ला दिला." तारीख होती, नशीब. मैत्रिणींनो, परदेशातून फोन आला तरी तारीख, वेळ, तिचेच शब्द, काय झालं, कुणी पाहिलं हे सगळं लिहून ठेवा. हजारो मैलांवरच्या अधिकाऱ्यापुढे ते वहीचं पान जाऊ शकतं.

एवढं शिकून मी हुशार झाले, आणि लगेच दुसरी चूक करता करता राहिले. पुण्याची एक मुलगी टेक्सासात होती. तिचाही नवरा त्रास देणारा. मी म्हणणार होते, "लवकर मोकळी हो." तेवढ्यात विचारलं, "तुझ्याकडे कागद कुठला?" तर तिच्याकडे ग्रीन कार्ड नव्हतंच. नवरा एच-१बी वर, ती त्याच्या पाठोपाठची एच-४ वर. अशा बाईचा तिथे राहण्याचा हक्क घटस्फोटाच्या निकालाबरोबर संपतो. नवऱ्याच्या नोकरीवरून दोघांचा ग्रीन कार्डाचा अर्ज पडून असेल, तर त्यातलं तिचं नावही जातं. पहिलीला घटस्फोटाने वाचवलं, हिला त्यानेच बुडवलं असतं. नवरा नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला असेल तर अत्याचारग्रस्त बायकोला स्वतःसाठी वेगळा अर्ज करता येतो, अत्याचारामुळे घटस्फोट झाला असला तरी त्यानंतर दोन वर्षांपर्यंत. एच-१बी वाल्याच्या बायकोला तोही दरवाजा नाही. म्हणून तिला आम्ही सांगितलं, निकाल लागण्याआधी तिथल्या वकिलाकडून दुसऱ्या व्हिसाचं बघून घे, शिक्षणाचा असो की स्वतःच्या नोकरीचा. ज्या बाईकडे दहा वर्षांचं पक्कं कार्ड आहे, तिचं कार्ड मात्र घटस्फोटाने जात नाही. तिला नवऱ्याच्या या धमकीला भ्यायचं कारणच नाही.

आपल्या वकील मंडळींशीही भांडावं लागतं. "अमेरिकेतला घटस्फोट इथे चालत नाही, तिकडच्या कोर्टात जाऊच नको," असं सरसकट सांगतात. सर्वोच्च न्यायालयाचा १९९१चा नरसिंह रावचा निकाल आहे खरा, आणि तो चांगलाच आहे. बायकोच्या गैरहजेरीत मिसुरीतून घटस्फोट आणणाऱ्या नवऱ्यांना त्याने चाप लावला. पण तिला तिथे राहायचं असेल आणि घटस्फोट हवा असेल, तर तिथलं निकालपत्रच तिच्या उपयोगाचं आहे. ते इथेही टिकावं यासाठी काय करायचं, ते दोन्हीकडच्या वकिलांनी एकमेकांशी बोलून ठरवावं. बाईने मधल्या मध्ये निरोप्या होऊ नये.

आणखी एक प्रकार आम्ही दोनदा पाहिला. नवरा सुट्टीला म्हणून बायकोला इकडे आणतो, पासपोर्ट आणि कार्ड घेऊन एकटा परत जातो. घरचे म्हणतात, थांब, येईल न्यायला. थांबू नका. आधी पोलिसांत तक्रार, मग पासपोर्ट. बाहेर पडून वर्ष झालं नसेल, तर कार्ड हरवलेल्या किंवा चोरीला गेलेल्यांना विमानात बसण्यापुरता कागद मुंबईच्या अमेरिकन वकिलातीतून मागता येतो. वर्ष उलटलं की प्रकरण फार अवघड होतं.

काकूंच्या लेकीचं निकालपत्र कार्डाची मुदत संपल्यावर दोन महिन्यांनी आलं. अर्ज वेळेत गेला होता म्हणून निभावलं. पक्कं कार्ड यायला त्यापुढे दोन वर्षं लागली. ती आता एका दवाखान्यात काम करते, भाड्याच्या खोलीत राहते. गेल्या महिन्यात काकू येऊन गेल्या. पिशवी तीच होती, आत पेढे होते. "आता ती दिवाळीला येऊन जाऊ शकते ना, ताई?" त्यांनी विचारलं. म्हटलं, येऊ दे. पण पासपोर्ट आणि कार्ड तिच्याच पर्समध्ये राहू दे, तुमच्या कपाटातसुद्धा नको.